विस्तवाचा जमाखर्च

व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही संपाविषयी, वेतनकरारांविषयी किंवा फार तर कामगार चळवळीच्या इतिहासाविषयी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला, ‘उष्णतेचे नियम’. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला, की विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना! चूक नव्हती. आमचे शाळेचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि बॉयलरवर उमेदवारी केलेल्या दोघातिघा जुन्या माणसांनी दिलेले. त्या माणसांना शास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती, पण कोळसा कोठे जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि हे शास्त्र मुळात ‘कोळसा जातो कोठे’ या एकाच प्रश्नातून उभे राहिले आहे.

ज्योतिष ताऱ्यांकडे पाहून निघाले, भूमिती जमिनीच्या मोजणीतून निघाली असे म्हणतात. उष्णतेच्या शास्त्राचा जन्म मात्र खाणीत साचलेल्या पाण्यात झाला. इंग्लंडात खाणी जसजशा खोल गेल्या तसतशा त्या पाण्याने भरू लागल्या, आणि घोडे जुंपून ते पाणी उपसणे परवडेना. १७१२ साली टॉमस न्यूकोमेन नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर वाफेचे यंत्र बसविले. त्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. मोठ्या उभ्या नळकांड्यात वाफ भरावयाची, मग आत थंड पाण्याचा फवारा सोडावयाचा. वाफेचे पाणी होई, आत पोकळी पडे, आणि बाहेरच्या हवेचे वजन दट्ट्याला खाली दाबी. म्हणजे नीट पाहिले तर काम वाफेच्या जोराने होत नसे, वाफ थंड झाल्यामुळे होत असे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिचा अर्थ लागावयास पुढे एकशे बारा वर्षे लागली.

हे यंत्र भलतेच खादाड होते. दर फेऱ्याला तेच नळकांडे तापवावयाचे आणि तेच निववावयाचे. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी एक भागही धड कामी येत नसे. कोळशाच्या खाणीवर त्याची फिकीर कोणाला? तेथे चुऱ्याचे ढीगच पडलेले असत. परंतु कॉर्नवॉलच्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींवर कोळसा वेल्सहून जहाजाने यावयाचा. तेथे टोपलीटोपलीचा हिशेब होऊ लागला.

हा हिशेब करणारा माणूस जेम्स वॅट. ग्लासगोच्या विद्यापीठात अवजारे दुरुस्त करण्याचे काम तो करी. १७६३-६४ च्या सुमारास न्यूकोमेनच्या यंत्राचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीस आला, आणि एवढी वाफ जाते कोठे याचा त्याने पिच्छा पुरविला. १७६५ साली त्याला सुचले, की नळकांडे गरमच ठेवावे आणि वाफ निववावयाला वेगळे भांडे जोडावे. यालाच कंडेन्सर म्हणतात. १७६९ साली त्याने पेटंट घेतले आणि पार्लमेंटकडून ते १८०० सालापर्यंत वाढवून घेतले. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन हे खाणवाल्यांकडून यंत्राचे भाडे कसे घेत हे मोठे मौजेचे आहे. न्यूकोमेनच्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश ते मागत. आता वाचलेला कोळसा मोजावयाचा तर यंत्राने केलेले काम मोजले पाहिजे. किती पौंड पाणी किती फूट वर चढले, हे ते माप. घोड्याशी तुलना करता यावी म्हणून वॅटने एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे ठरविले. कोणत्या घोड्याने ते मान्य केले होते हे इतिहास सांगत नाही! कामाचा दर ठरविताना ज्याने काम करावयाचे त्याला विचारावयाचे नाही, ही रीत तेव्हापासूनची दिसते.

या मोजमापाला पुढे फ्रेंच इंजिनिअरांनी नाव दिले. जोर आणि अंतर यांच्या गुणाकाराला १८२० च्या दशकात कोरिओलीने जो शब्द रूढ केला तो फ्रेंच मजुराच्या रोजच्या तोंडचा, श्रम किंवा मेहनत या अर्थाचा होता. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे ‘कार्य’ झाले आणि घामाचा वास उडाला. आमच्या अभ्यासवर्गात ही व्याख्या सांगितली की हमाल मंडळी हटकून हसतात. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन तासभर एका जागी उभे राहिले तर शास्त्राच्या लेखी काम शून्य! व्याख्येत चूक नाही. पोत्याला काही मिळालेले नाही, ते जेथे होते तेथेच आहे. पण पोते धरणाऱ्याच्या अंगातले काहीतरी तासभर जळत होते, आणि ते जळलेले गेले कोठे, हा हमालांचा प्रश्नही खरा आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

फुकट काम करणारे यंत्र करावे ही माणसाची फार जुनी हौस. आपल्याकडील भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्यातही पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला हा मोह पडला, तर इतरांची काय कथा? युरोपात असल्या चाकांचे इतके अर्ज येऊ लागले की १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला, यापुढे सततगतीच्या यंत्राचा एकही अर्ज तपासला जाणार नाही. त्या वेळी या ठरावामागे पूर्ण सिद्धांत नव्हता, शेकडो अर्जदारांचा अनुभव तेवढा होता. पण याच अनुभवाला एका तरुणाने पन्नास वर्षांनी तर्काचे हत्यार बनविले.

त्या तरुणाचे नाव सादी कार्नो. जन्म १७९६, पॅरिस. हे ‘सादी’ शिराझच्या कवीवरून ठेवलेले. बाप लाझार कार्नो म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजा उभ्या करणारा माणूस, शिवाय पाणचक्क्यांवर आणि यंत्रांवर ग्रंथ लिहिणारा इंजिनिअर. नेपोलियनच्या पाडावानंतर तो हद्दपार झाला आणि १८२३ साली जर्मनीतील माग्देबुर्ग येथे वारला. मुलगा लष्करातला इंजिनिअर; हद्दपाराचा मुलगा म्हणून त्याची नोकरी रखडलेलीच. बापाच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १८२४ साली, त्याने स्वखर्चाने ११८ पानांचे एक पुस्तक छापले. विषय होता विस्तवाची कामे करण्याची ताकद. प्रती ६००.

फ्रान्सचा पराभव कशाने झाला याविषयी कार्नोचे मत स्पष्ट होते. इंग्लंडचे आरमार हिरावून घेतले तर त्याचे जेवढे नुकसान होईल, त्याहून अधिक नुकसान त्याची वाफेची यंत्रे काढून घेतल्याने होईल, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. पण तो यंत्रे सुधारण्याच्या खटपटीत पडला नाही. त्याने त्याच्याही मागचा प्रश्न विचारला. यंत्र कितीही सुधारले तरी दिलेल्या उष्णतेतून मिळणाऱ्या कामाला काही सीमा आहे काय? वाफेऐवजी हवा किंवा मद्यार्क वापरला तर ती सीमा हलेल काय?

त्याची विचारसरणी अशी. पाणचक्की चालते ती पाण्यामुळे नव्हे, पाण्याच्या उतारामुळे. तसेच येथे. उष्णता गरम बॉयलरकडून थंड कंडेन्सरकडे उतरते, आणि त्या उतारात काम मिळते. नुसत्या उष्णतेने काही होत नाही, थंडावाही लागतो. दोन्ही बाजू सारख्याच तापलेल्या असतील तर अख्खा डोंगर पेटला तरी चाक फिरणार नाही. न्यूकोमेनच्या फवाऱ्याचा अर्थ हा! मग त्याने मनात एक आदर्श यंत्र कल्पिले, ज्यात उष्णता कोठेही फुकट गळत नाही. असे यंत्र उलटेही चालविता येईल. काम खर्चून उष्णता थंड बाजूकडून गरम बाजूकडे परत चढविता येईल. आता समजा, कोणी म्हणाला, माझे यंत्र याहूनही अधिक काम देते. ठीक आहे, त्याचे यंत्र सुलटे चालवा, त्याच्याच कामावर हे आदर्श यंत्र उलटे चालवा. जेवढी उष्णता खाली आली तेवढी परत वर गेली, आणि काही काम शिल्लक उरले. म्हणजे कोळसा न जाळता कायम फुकटचे काम! ते तर अशक्य. तेव्हा आदर्श यंत्राच्या वर कोणीही जाऊ शकत नाही. आणि ही सीमा वाफ, हवा, मद्यार्क कशावरही अवलंबून नसून फक्त दोन टोकांच्या तापमानांवर अवलंबून आहे.

पुस्तक खपले नाही. १८३२ च्या ऑगस्टात पॅरिसच्या कॉलऱ्यात कार्नो छत्तिसाव्या वर्षी गेला, आणि साथीच्या भीतीने त्याचे बहुतेक सामानसुमान व कागद जाळण्यात आले. क्लापेरों नावाच्या इंजिनिअराने १८३४ साली त्याचा विचार आकृत्यांसह पुन्हा मांडला म्हणून तो टिकला. १८४५ साली पॅरिसला आलेला विल्यम टॉमसन (हाच पुढे लॉर्ड केल्व्हिन) पुस्तकांच्या दुकानांतून मूळ पुस्तकाची चौकशी करीत हिंडला. एक प्रत मिळेना.

कार्नोच्या हिशेबात एक चूक होती. पाणचक्कीत वरून जेवढे पाणी येते तेवढेच खाली जाते, तशीच उष्णताही सारीच्या सारी खाली उतरते असे त्याने धरले होते. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, तो घडविता येत नाही आणि नाहीसाही होत नाही, असे त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. त्याविरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. १७९८ साली रंफर्डने म्यूनिकच्या तोफखान्यातला अनुभव प्रसिद्ध केला होता. दोन घोड्यांनी फिरविलेल्या बोथट गिरमिटाने तोफेचे पितळ कोरताना भोवतालचे पाणी अडीच तासांत विस्तवाशिवाय उकळले! घोडे चालत राहतील तोवर उष्णता निघतच राहील. मग ती साठलेला द्रव कशी? पण मते अशी एका तोफेने कोसळत नाहीत.

ती पाडली दोन बाहेरच्या माणसांनी. पहिला यूलियस रॉबर्ट मायर, हाइलब्रॉनचा डॉक्टर. १८४० साली डच जहाजावर डॉक्टर म्हणून तो जावा बेटाकडे गेला. तेथे खलाशांची शीर तोडून रक्त काढताना त्याला शिरेतले रक्त नेहमीपेक्षा लाल दिसले. उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवावयाला कमी जाळावे लागते म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो, असा त्याने अर्थ लावला. मग जे जळते त्यातून अंगाची ऊब आणि हाताने केलेले काम, दोन्ही भागली पाहिजेत. तर ती दोन्ही एकाच नाण्याची मोड असली पाहिजेत! १८४२ साली त्याने हे छापले आणि किती उष्णता म्हणजे किती काम याचा आकडाही काढला. कोणी लक्ष दिले नाही. उपेक्षा, घरातले मृत्यू आणि अग्रमानाचे वाद यांनी खचून १८५० साली त्याने खिडकीतून उडी टाकली; जीव वाचला, पण काही काळ वेड्यांच्या इस्पितळात काढावा लागला. मान मिळाला तो पुष्कळ उशिरा.

दुसरा जेम्स जूल, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, बिअरच्या भट्टीवाल्याचा मुलगा. मायरने छापले त्याच १८४२ सालच्या उन्हाळ्यात लँकेशरात काय चालले होते हे शास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही, म्हणून येथे सांगतो. मजुरीकपातीविरुद्ध गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. संपकऱ्यांचे जथे गावोगाव फिरून बॉयलरची बुचे काढीत. पाणी निघून जाई, आग विझे, गिरणी थांबे. त्या संपाला ‘बुचांचा दंगा’ असेच नाव पडले आहे. उतार नाहीसा केला की चाक थांबते, हे तत्त्व त्यांना कार्नो न वाचताच समजले होते.

जूलचा प्रथमचा उद्देश अगदी व्यापारी होता. भट्टीतले वाफेचे इंजिन काढून विजेची मोटर लावता येईल काय? त्याने हिशेब केला. बॅटरीत खर्ची पडणारे जस्त कोळशापेक्षा फार महाग पडले. पण या मोजणीत त्याला उष्णता आणि काम यांच्या अदलाबदलीचा छंद लागला. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती बसविली, दोरीला वजने टांगली. वजने खाली उतरत, पाती पाणी घुसळीत, आणि पाणी किंचित तापे. एका अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत तापमापक वाचण्याची त्याची ख्याती होती. १८५० साली त्याने आकडा दिला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविणे म्हणजे ७७२ पौंड एक फूट उचलणे. आजच्या मापाने एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापविणे म्हणजे एक किलो वजन सुमारे ४२७ मीटर उंच नेणे. विद्वानांच्या सभांनी त्याचे प्रारंभी थंड स्वागत केले. १८४७ च्या एप्रिलात त्याने आपला सारा विचार प्रथम मांडला तो मँचेस्टरच्या सेंट अॅन्स चर्चच्या वाचनगृहात, साध्या जाहीर व्याख्यानात. आणि तो समग्र छापून आला तेथल्या एका वर्तमानपत्रात. व्याख्यानमालांना नाके मुरडणाऱ्यांसाठी ही नोंद.

हा पहिला नियम. काम आणि उष्णता यांचे रूप बदलते, बेरीज बदलत नाही. नायगाराचे पाणी वरच्यापेक्षा तळाशी एका फॅरनहाइट अंशाच्या पाचव्या भागाने गरम असावे, असे जूलने गणित केले होते. आपण आपल्या घाटाचे करू. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला आणून १९१५ साली टाटांच्या वीजघराने मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यावयास सुरुवात केली. तेच पाणी कड्यावरून नुसते कोसळू दिले तर पायथ्याशी ते जेमतेम सव्वा अंश सेल्सियसने तापेल. गिरणी चालविण्याइतकी ताकद आणि बोटाला जाणवणारही नाही इतकी ऊब, यांची किंमत एकच! उलट बाजूने पाहा. एका किलो चांगल्या कोळशात सुमारे ७,००० किलोकॅलरी उष्णता असते. पहिल्या नियमाने ती म्हणजे पन्नास किलोचे पोते एक मीटर उचलणे, असे जवळजवळ साठ हजार वेळा. मग इंजिनाला एवढा कोळसा का लागतो?

येथे कार्नो आणि जूल यांचे भांडण लागले. जूल म्हणे, काम झाले तेथे तेवढी उष्णता नाहीशी झालीच पाहिजे. कार्नो म्हणे, उष्णता नाहीशी होतच नाही, नुसती उतरते. टॉमसन दोघांनाही मानणारा, म्हणून तो काही वर्षे अडकून पडला. १८५० साली रूडोल्फ क्लाउझिअसने गाठ सोडविली. १८५१ साली टॉमसनही तेथेच पोचला. दोघेही बरोबर होते. उष्णतेचा काही भाग खरोखर कामात बदलतो, हे जूलचे. पण उरलेला भाग थंड बाजूला द्यावाच लागतो, हे कार्नोचे. सारीच्या सारी उष्णता कामात बदलणारे फेऱ्याचे यंत्र होणे नाही, कारण उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे कधीच जात नाही. हा दुसरा नियम. विशेष असे की जाळपोळीतून वाचलेली कार्नोची टिपणे त्याच्या भावाने १८७८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा दिसून आले की द्रवाची कल्पना त्यानेही शेवटी सोडली होती आणि उष्णतेच्या मोबदल्याचा आकडा मायरच्या आधी काढून ठेवला होता.

प्रत्यक्ष पुरावा मात्र एका कापडगिरणीतून आला, आणि आम्हांला या साऱ्या कथेत हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. अल्सासमध्ये कोलमारजवळ लोगेलबाख येथे गुस्ताव आडोल्फ इर्न याच्या घरच्यांची गिरणी होती. कॉलेजात न गेलेला, स्वतःच शिकलेला माणूस. त्याने १८५० च्या दशकात गिरणीच्या चालू इंजिनावरच मोजमाप मांडले. बॉयलरमधून निघालेली उष्णता किती आणि कंडेन्सरला पोचलेली किती? दुसरी पहिलीपेक्षा कमी भरली. जी तूट आली ती कामाच्या रूपाने माग आणि साचे फिरवून गेली होती.

या तुटीचे गणित क्लाउझिअसने एका नव्या राशीत बसविले आणि १८६५ साली ग्रीक शब्दावरून तिला ‘एंट्रॉपी’ हे नाव दिले. नावाने दचकावयाचे कारण नाही. ही एक खतावणीच आहे. उष्णतेला निरपेक्ष तापमानाने भागावयाचे. निरपेक्ष म्हणजे टॉमसनने १८४८ साली सुचविलेल्या मोजपट्टीवरचे. सेल्सियसमध्ये २७३ मिळविले की झाले. समजा बॉयलर १६० अंशांवर आहे, म्हणजे ४३३. कंडेन्सर ४० अंशांवर, म्हणजे ३१३. बॉयलरने ४३३ मापे उष्णता दिली. भागाकार १. त्याच्या खात्यातून १ वजा. नियम असा की एकूण खाते कधीही घटता कामा नये. तेव्हा कंडेन्सरच्या खात्यात निदान १ तरी जमा झालाच पाहिजे, आणि त्यासाठी त्याला निदान ३१३ मापे उष्णता द्यावी लागेल. हाती उरली १२०. एवढेच काम, शेकडा २८ देखील नाही. ही देवाघरची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात जुन्या गिरण्यांत याच्या निम्मे हाती लागले तरी इंजिनखाते खूश असे. आणि तीच ४३३ मापे तापल्या नळाच्या अंगावरून नुसती हवेत गेली तर? एंट्रॉपीच्या खात्यात ०.३८ ची वाढ, काम शून्य. पहिल्या नियमाने काहीही हरवलेले नाही! हरवली ती कामाची संधी, आणि ती परत मिळत नाही.

थंड बाजूची किंमत आपल्या लोकांना मराठवाड्यात कळून आली. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र दुष्काळात बंद ठेवावे लागले. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून. लोक विचारीत, वीज कोळशाची, मग पाणी कशाला? वाफ निववावयाला. टरबाइनच्या एका टोकाला भट्टी असली तरी दुसऱ्या टोकाला थंडावा नसेल तर सारा लोखंडी पसारा उभाच राहतो.

बाकी दोन नियमांना फार वेळ नको. दोन वस्तू तिसरीशी सारख्याच तापलेल्या असतील तर आपसांतही सारख्याच तापलेल्या असतात, ही तापमापकाच्या मुळाशी असलेली गोष्ट इतकी उघड होती की तिला नियम म्हणावयाचे १९३० च्या दशकात सुचले. तोवर पहिला-दुसरा हे क्रमांक देऊन झाले होते, म्हणून तिला ‘शून्यावा’ म्हटले. आणि १९०६ साली वॉल्टर नेर्न्स्टने जो सिद्धांत मांडला त्यातून तिसरा नियम आला. निरपेक्ष शून्याच्या कितीही जवळ जाता येईल, पण मोजक्या पावलांत तेथे पोचता येणार नाही. एंट्रॉपी वाढतेच का, याचे उत्तर बोल्ट्समानने अणूंच्या गर्दीत शोधले. ते स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. विश्वाची सारी उष्णता एकसारखी पसरून एक दिवस सगळे थांबणार, अशी चिंता त्या काळी बऱ्याच थोरांनी वाहिली. आम्हांला वर्षाचा बोनस ठरवावयाचा असल्यामुळे तेथवर विचार पोचत नाही.

आता हमालांच्या प्रश्नाकडे येऊ. अंगात जळते ते कोठे जाते? इर्ननेच बंद खोलीत पायचक्की बसवून तिच्यावर माणूस चालविला होता, त्याचे काम, श्वास आणि उष्णता मोजली होती. युक्रेनचा एक डॉक्टर, सेर्गेई पोडोलिन्स्की, याने तर १८८० साली मजुराच्या श्रमाचा सारा हिशेब ऊर्जेत मांडावा असे सुचवून मार्क्सला पत्र लिहिले. एंगल्सने १८८२ साली मार्क्सला कळविले की आर्थिक व्यवहार भौतिक मापांत मोजता येणे शक्य नाही. आमच्या मते मजुरीच्या बाबतीत एंगल्सचेच खरे. कॅलरीवर पगार ठरवा म्हटले तर मालक आनंदाने रताळी वाटतील. पण पोडोलिन्स्कीने अंगाकडे बोट दाखविले ते अस्थानी नव्हते.

माणूस हे वाफेसारखे उष्णतेचे इंजिन नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. स्नायू खाल्लेल्या अन्नाचा साधारण पाचवा हिस्सा कामात बदलतात. कार्नोच्या नियमाने ३७ अंशांच्या अंगाला एवढे साधावयाचे तर आत कोठेतरी ११५ अंश तापमान लागेल. आपण केव्हाच शिजून गेलो असतो! स्नायूत अन्नाची ताकद उष्णता न होता रासायनिक वाटेनेच कामात जाते. पण उरलेले चार हिस्से शेवटी उष्णताच होतात, आणि ती बाहेर टाकल्याशिवाय सुटका नाही. मध्यम मेहनत करणारा माणूस ताशी सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता टाकतो. हवा अंगाच्या कातडीहून, म्हणजे ३५ अंशांहून, तापली की घामाखेरीज वाट उरत नाही. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे, नुसता गळून उपयोग नाही. आणि वाळणे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून. म्हणजे उतार नुसत्या तापमानाचा नसतो, कोरडेपणाचाही असतो. दोन्ही उतार संपले की माणसाचा कंडेन्सर बंद पडला.

हे शोधले जे. एस. हॉल्डेन यांनी. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांच्या आरोग्याची चौकशी त्यांनीच केली होती. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की तो घामेजलेल्या अंगाप्रमाणे वागतो. हा ओल्या फडक्याचा पारा स्थिर हवेत सुमारे ३१ अंशांच्या वर गेला की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो, असे त्यांनी १९०५ साली दाखविले. मेहनत करणाऱ्याची मर्यादा पुष्कळ खाली. कापडधंद्याला हा आकडा फार जवळचा, कारण दमट हवेत सूत कमी तुटते म्हणून लँकेशरातल्या मागखात्यांत मुद्दाम वाफ सोडीत. विणकरांच्या तक्रारींवरून १८८९ साली तेथे कायद्याने हवेतल्या ओलाव्याला मर्यादा घातली गेली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम ओलाव्याचे पंधरावे कलम आले, त्यामागे ही सारी हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मे महिन्यात आठवड्यात तीन माणसे चक्कर येऊन पडली. पत्र्याचे छप्पर, सूत तुटते म्हणून बंद केलेल्या खिडक्या, खाली सतत शिंपडलेले पाणी. आम्ही गेलो तेव्हा मालकांनी भिंतीवरचा तापमापक दाखविला. ३९ अंश. बाहेर रस्त्यावर ४१ होते. मालक म्हणाले, “साहेब, आमची शेड गावापेक्षा थंड आहे.” आकडा खोटा नव्हता, म्हणून आमचीही क्षणभर बोलती बंद झाली. मग आमच्या बरोबरच्या एका मागवाल्याने कोऱ्या कापडाची चिंधी फाडली, पाण्यात बुचकळून तापमापकाच्या फुग्यावर गुंडाळली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. पारा खाली येत येत ३१.५ वर थांबला, पुढे उतरेना. तोच तापमापक रस्त्यावर नेऊन तेच केले, तर तो २४ पर्यंत उतरला. मालकांनी दोनदा स्वतःच्या हाताने करून पाहिले. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

मंगळवारी बोलणी ठेवली होती. खिडक्या उघडणे, छताला हवा बाहेर ओढणारे पंखे आणि दुपारच्या पाळीत अर्धा तास सुट्टी, या आमच्या मागण्या. मालक आले ते बरोबर स्वतःचे नवे तापमापक घेऊन. दोन होते, आणि एकाला फडके आधीच बांधलेले होते.